नथीला नमस्कार आणि ओठाला शिव्या

शनिवार सकाळ. चहा झालाय, पोहे व्हायचेत, आणि लॅपटॉपवर हापिसातलं काहीही उघडायचं नाही असं ठरवून बसलोय. गेलं वर्षभर एक विषय डोक्यात भुणभुणतोय, तो आज लिहून टाकतो. विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. (मुरडा. पुढे नाकाचाही नंबर येणार आहे.)

विषय आहे ओठ टोचून घेणे.

आधीच सांगतो, माझ्या ओठाला, भुवईला, नाकाला कुठेही भोक नाही. कानांना आहेत, दोन्ही. ती मी बाळ असताना अंबडच्या आमच्या घरी, ओसरीवर, सोनाराने पाडली. मी बोंब मारली, सगळे हसले, माझ्या तोंडात साखर घातली आणि पेढे वाटले. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ गोष्ट.

माझी एक चुलत बहीण आहे. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, म्हणून इथेही छोटीच. पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली. एका रात्री तिचा मेसेज आला. "दादा, खालच्या ओठाला स्टड करून घेऊ का? कसं दिसेल?" मी त्या वेळी एका रिलीजच्या कॉलवर होतो, प्रॉडक्शन बोंबललेलं होतं. मी हसरे चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, "काकूला सांगू का?" संपला संवाद. मला वाटलं, विषयही संपला.

नंतर महालक्ष्म्यांना आम्ही सगळे अंबडला जमलो. (पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी: तुम्ही ज्यांना गौरी म्हणता त्या आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. आणि त्यांच्यासाठी वाट्टेल त्या शहरातून, वाट्टेल त्या मॅनेजरशी भांडून माणूस घरी येतो.) छोटी आली ती तोंडाला मास्क लावून. "सर्दी आहे" म्हणाली. कोविडने आपल्याला दिलेल्या मोजक्या सोयींपैकी ही एक, तोंड लपवलं तर आता कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी महानैवेद्य, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. छोटी पानावर बसली, मास्क जरासा खाली करून दोन घास आंबील घेतली आणि उठली. सगळ्या घराच्या नजरेतून ते सुटलं. आजीच्या नजरेतून नाही.

"पोरी, महालक्ष्म्यांच्या पानावरून उपाशी कामून उठलीस? काढ बरं ते फडकं."

फडकं निघालं. खालचा ओठ एखाद्या मोसंबीच्या फोडीएवढा सुजलेला. मध्ये एक छोटासा चमकणारा खडा. आतल्या बाजूला पू. अंगात ताप.

पुढची दहा मिनिटं घरात जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. काका ओरडले, काकू रडली, आत्याने "तरी मी म्हणत होते पुण्याला पाठवू नका" हे ऐतिहासिक वाक्य टाकलं. "आपल्यात असलं चालत नाही", "लग्न कसं जमायचं", "ही काय आपली संस्कृती आहे?" एवढ्या सगळ्या वाक्यांत "डॉक्टरकडे चला" हे वाक्य कुणाच्याच तोंडून आलं नाही. ते शेवटी आजीने म्हटलं. सणाच्या दिवशी दुपारी मी गाडी काढली.

डॉक्टरांनी भूल देऊन आत रुतलेली फिरकी काढली. हो, फिरकी. कानातल्याच्या मागे असते ती. छोटीने हे काम करून घेतलं होतं पुण्यातल्या बाजारात रस्त्याकडेच्या एका स्टॉलवर, कानाच्या पाळीसाठी असलेल्या गनने. कानाच्या पाळीच्या मापाचा तो आखूड स्टड ओठात बसवलेला. ओठ सुजला, सुजायचाच होता, आणि फिरकी मांसाच्या आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?" छोटी म्हणाली, "नऊ." "आणि नऊ दिवस कुणालाच सांगितलं नाही?" छोटी गप्प. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

असो. ओठ वाचला, ताप उतरला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आता ज्यावर मला भांडायचंय तिकडे येतो.

त्याच संध्याकाळी, छोटीवर कोर्ट-मार्शल चालू असताना, त्याच घरात दुसरं नियोजन चालू होतं. माझ्या पुतणीचे कान टोचायचे होते. तीन महिन्यांचं पोर. सोनाराला निरोप गेलेला, मुहूर्त काढलेला, सोन्याची तार आणलेली. तार कुठे होती? देवघरातल्या वाटीत, कुंकवाशेजारी. आणि समोर महालक्ष्म्यांचे मुखवटे, दोघींच्याही नाकात मोत्यांची ठसठशीत नथ. घरातल्या प्रत्येक बाईच्या नाकाला भोक. आजीच्या कानाला वर बुगडीचं भोक, खाली पाळी ओघळून आरपार फाटलेली, कारण तरुणपणी जड कुड्या घातलेल्या. काकांच्या लग्नाच्या फोटोत त्यांच्या कानात भिकबाळी. आणि हे सगळे मिळून त्या पोरीला सांगतायत, अंगाला भोकं पाडणं आपल्यात बसत नाही!

च्यायला, आपल्याएवढी भोकं पाडणारा समाज दुसरा दाखवा. बाळी, भिकबाळी, कुडी, बुगडी, वेल, चमकी, मोरणी, नथ. प्रत्येक दागिन्याला वेगळी जागा, प्रत्येक जागेला वेगळं नाव. बुगडी घालायची ती कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे कूर्चेत, जिथे जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. आज एखादी पोरगी स्टुडिओत जाऊन नेमकं तिथेच भोक पाडते आणि त्याला हेलिक्स म्हणते, तर ते फॅड. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' मध्ये त्याच जागेच्या दागिन्यावर गाणं आलं, तर आख्खा महाराष्ट्र आजतागायत ते गुणगुणतो.

"पण नथ ही आपली हजारो वर्षांची परंपरा आहे." बरं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे अभ्यासक होते. संस्थेचे क्यूरेटर, आयुष्यभर पोथ्या आणि तारखा तपासत बसलेला माणूस. १९३० च्या दशकात त्यांनी नथीच्या प्राचीनतेवर एक निबंध लिहिला. साधारण इसवी सन १००० च्या आधीच्या संस्कृत साहित्यात नाकातल्या दागिन्याचा पुरावा मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कानातली कुंडलं सगळीकडे, नाकात मात्र काही नाही. म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी गावात, कुठलीतरी पोरगी पहिल्यांदा नाक टोचून घरी आली असणार. तिच्या काकांनी काय म्हटलं असेल ते मी लिहून देतो. "आपल्यात असलं चालत नाही."

आणि चेहऱ्याला भोक पडलेलं बघून आपल्याला धक्का बसतो म्हणावं, तर तेही खोटं. दक्षिणेत मुरुगनच्या उत्सवात भाविक गालातून आणि जिभेतून सळ्या आरपार घालतात, त्याचे व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर "श्रद्धेची ताकद" म्हणून फिरलेले आहेत. हात जोडलेले सतरा इमोजी. त्यात काकांचे तीन.

मग छोटीच्या त्या १.२ मिलिमीटरच्या भोकात असं काय वेगळं होतं? मी बराच विचार केला आणि मला एकच उत्तर सापडलं. ते तिने स्वतः ठरवलं होतं. माझे कान टोचताना मला विचारलं नाही, म्हणून तो संस्कार. पुतणीला विचारणार नाही, तोही संस्कार. आजीला नाक टोचू का असं कुणी विचारलं नव्हतं, ती परंपरा. बावीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या, स्वतः टॅक्स भरणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाबद्दल स्वतः निर्णय घेतला, ते थेर! ज्याला विचारलं नाही त्याचं भोक पवित्र आणि जिने ठरवलं तिचं भोक पाप, हा आपला नियम आहे. तो सरळ बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून मध्ये संस्कृतीला उभं करतो.

बरं, संस्कृतीच काढायची तर नीट काढा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावरच आहे. कधी टोचावं, तर सहाव्या किंवा सातव्या महिन्यात. कुठे टोचावं, तर पाळी उन्हात धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो तिथे, म्हणजे रक्तवाहिनी टाळून. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. चुकीच्या जागी टोचलं तर सूज, वेदना, ताप येतो, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. नंतर भोकात तेलात भिजवलेली कापसाची वात घालायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात घालून भोक हळूहळू मोठं करायचं. पाळी फाटलीच तर जोडायच्या पंधरा पद्धती दिल्यात. (आजी, ऐकतेस का?) म्हणजे ज्या पूर्वजांचं नाव घेऊन तुम्ही ओरडता, त्या पूर्वजांनी जागा, पद्धत, बिघाड आणि निगा असं चार भागांत व्यवस्थित डॉक्युमेंटेशन करून ठेवलंय. आपण मुहूर्त तेवढा उचलला आणि मॅन्युअल फेकून दिलं.

इथपर्यंत वाचून "माझं शरीर, माझी मर्जी" पक्षाची तरुण मंडळी खूश झाली असतील. थांबा. आता तुमची पाळी. (कानाची नव्हे.)

आपण आयटीतली माणसं. पंधरा हजारांचा फोन घ्यायचा तर तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो, प्रोसेसर तुलना करतो, सेल लागायची वाट बघतो. आणि तोंडाला भोक पाडायचं तर? मैत्रिणीने केलं, रीलवर बघितलं, स्टॉल दिसला, टोचलं. दहा मिनिटं! टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकणाऱ्याला आपण वेड्यात काढतो. इथे तर रोलबॅकही नाही. मर्जी तुमची आहेच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मर्जी म्हणजे माहिती न घेण्याचा परवाना नव्हे.

आणि परवान्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. आपल्याकडे वडापावची गाडी लावायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. लोकांच्या ओठातून सुई आरपार घालण्याचा धंदा करायला मात्र देशभर लागू असा वेगळा परवाना नाही, परीक्षा नाही. त्यामुळे तपासनीस तुम्हीच. छोटीच्या प्रकरणानंतर मी दोन महिने हे सगळं खोदून वाचलं, दोन डॉक्टर मित्रांचं डोकं खाल्लं. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, गन नाही म्हणजे नाही. ती गन प्लॅस्टिकची असते, ऑटोक्लेव्हमध्ये घातली तर वितळेल. म्हणजे निर्जंतुक करणं शक्यच नाही. स्पिरिटने पुसलेलं आणि निर्जंतुक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ, किमान पंधरा मिनिटं. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, सात दिवस तग धरू शकतो. तुमच्या आधी त्या गनने कोण टोचून गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे? शिवाय गनमधला स्टड बोथट असतो, तो मांस कापत नाही, चिरडत घुसतो. नीट काम करणारा माणूस पोकळ, एकदाच वापरायची सुई घेतो आणि तिचं पाकीट तुमच्या समोर फोडतो. फोडत नसेल तर उठा आणि चालू लागा. पैसे दिले असतील तरी.

दुसरी गोष्ट, धातू. इथे मला जास्तच लाज वाटते, कारण मी जालना जिल्ह्यातला. आमच्याकडे सळयांच्या भट्ट्या, गाव स्टीलवर चालतं, आणि मला हे माहीत नव्हतं की "सर्जिकल स्टील" या दोन शब्दांवर विश्वास ठेवून चालत नाही. ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं. चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्ये ते घट्ट अडकून बसतं, बाहेर फारसं सुटत नाही. पण बाजारातल्या "सर्जिकल"चं प्रमाणपत्र कुणी बघितलंय? ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटते, त्यांना बहुतेक वेळा निकेलचीच ॲलर्जी असते. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला, दर चौरस सेंटिमीटरमागे, ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदाच आहे. आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे इम्प्लांटच्या दर्जाचं टायटॅनियम. एएसटीएम एफ-१३६ असा त्याचा मानक क्रमांक, तो विचारायचा. "भारीतलं आहे ताई" हे उत्तर नव्हे.

आणि आपलं लाडकं सोनं? बावीस कॅरेट ताज्या जखमेला चांगलं नाही. मऊ असतं, चरे पडतात, चऱ्यांत घाण बसते. चौदा किंवा अठरा कॅरेट, निकेल नसलेलं, भरीव चालतं. चांदी ताज्या जखमेत अजिबात नाही, काळी पडते. (ही माहिती मी आमच्या काकूला सांगितली तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ओठ टोचून आलोय.)

तिसरी गोष्ट, आकार. ओठाला पहिल्यांदा घालायचा तो मागे सपाट चकती असलेला सरळ स्टड, लॅब्रे म्हणतात त्याला. रिंग नाही. रिंग हलत राहते आणि जखम भरू देत नाही. पहिली दांडी मुद्दाम थोडी लांब हवी, कारण ओठ सुजणार. फिरकी रुतू नये म्हणून ही जागा ठेवायची, छोटीला नेमकी हीच मिळाली नाही. आणि काही आठवड्यांनी सूज उतरली की परत जाऊन आखूड दांडी बदलून घ्यायची. हे दुसऱ्या वेळचं जाणं बहुतेक लोक टाळतात. मग ती लांब दांडी दिवसभर दातांवर आणि हिरडीवर आपटत राहते.

आणि हाच मुद्दा ओठाच्या बाबतीत सगळ्यात गंभीर आहे. २०१६ मध्ये ओठ आणि जीभ टोचलेल्या लोकांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ओठ टोचलेल्यांत हिरडी खाली सरकल्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत आढळलं आणि दातांना इजा झालेले २६ टक्के. हिरडी खाली सरकली की आपणहून परत वर येत नाही. केस वाढतात, टॅटू लेझरने पुसट होतो, हिरडी गेली ती गेली. म्हणून माझं प्रामाणिक मत विचाराल तर, कान टोचा, नाक टोचा, ओठाच्या बाबतीत दहादा विचार करा. मी स्वतः करणार नाही. पण बघा, हे मी हिरडीच्या भाषेत सांगतोय, खानदानाच्या नाही. छोटीला जर त्या रात्री मी हे एवढंच सांगितलं असतं, तर तिने कदाचित बेत रद्द केला असता, नाहीतर निदान नीट ठिकाणी गेली असती.

चौथी गोष्ट, निगा. आपल्या घरात प्रत्येक जखमेवर तीन औषधं: हळद, खोबरेल, डेटॉल. छोटीने तिन्ही लावली होती, आळीपाळीने. यातलं एकही लावायचं नाही. डेटॉल आणि स्पिरिट नवी पेशी जाळतात, तेल भोक बुजवून घाण आत कोंडतं, हळदीची पूड निर्जंतुक नसते. (सुश्रुताने तेल सांगितलंय, बरोबर. त्याच्या गल्लीत मेडिकल नव्हतं.) मेडिकलमध्ये ०.९ टक्के सलाईनची छोटी बाटली मिळते, एनएस म्हणून मागायची. बाहेरून दिवसातून दोनदा तेवढंच. छोटी अशासाठी की उघडल्यावर ती निर्जंतुक राहत नाही. आतून, प्रत्येक खाण्यानंतर साध्या स्वच्छ पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने चूळ. नवा, मऊ ब्रश. स्टड फिरवत बसायचा नाही. "फिरवला नाही तर चिकटतो" हे आपल्या आज्यांचं ज्ञान आहे आणि ते चुकीचं आहे. सिगारेट, गुटखा, तिखटजाळ रस्सा काही दिवस बंद. भरायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. आणि हो, टोचून घेतल्यावर वर्षभर रक्तपेढी तुमचं रक्त घेत नाही. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी तो हिशोब आधीच करावा.

पांढुरका-पिवळट पातळ स्राव वाळून खपली येते, ती सामान्य. हिरवट घट्ट पू, पसरत जाणारी लाली, हाताला लागणारी उष्णता, ताप, हे सामान्य नाही. त्याच दिवशी डॉक्टर. आणि घाबरून स्टड स्वतः उपटायचा नाही, कारण भोक बाहेरून बंद होतं आणि पू आत कोंडतो. घरात ज्यांना सांध्यासारखे जाड व्रण उठतात, म्हणजे केलॉइड, त्यांनी तर आधीच त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं.

तर हे सगळं इंटरनेटवर उपलब्ध आहे, छोटी इंजिनिअर आहे, मग तिने का नाही वाचलं? मी तिला विचारलं. तिने जे उत्तर दिलं त्यावरून हा सगळा लेख निघाला. म्हणाली, "दादा, मला वेळच नव्हता. महालक्ष्म्यांच्या आधी भरून यायला पाहिजे होतं, आणि महागाच्या स्टुडिओचा मेसेज बाबांच्या फोनवर गेला असता, माझं खातं जॉइंट आहे. स्टॉलवाल्याला रोख दिले."

म्हणजे बघा. घरच्या विरोधाने तिचा ओठ टोचायचा थांबला नाही. घरच्या विरोधाने फक्त एवढंच ठरवलं की तो कुठे टोचला जाईल. उजेडातल्या खोलीत, सुईने, टायटॅनियमने. की रस्त्याकडेला, गनने, रोखीत. आणि पू झाल्यावर ती डॉक्टरकडे पहिल्या दिवशी जाईल की नवव्या दिवशी, हेही त्याच विरोधाने ठरवलं. "आम्ही तिच्या भल्यासाठी बोलतो" म्हणणाऱ्यांनी त्या नऊ दिवसांचा हिशोब द्यावा. माझ्यासकट. "काकूला सांगू का?" हे चार सेकंदांत टाइप केलेलं वाक्य माझंच होतं. मी स्वतःला घरातला मॉडर्न माणूस समजत होतो. पोरीने सगळ्या घरात एकट्या मला विचारलं आणि मी तिला विनोदात धमकी दिली. जंतू स्टॉलवरचे असतील, पण ते नऊ दिवस आम्ही दिले.

कुणी म्हणेल, "मग काय, काहीही करू द्यायचं का पोरांना?" नाही हो. विरोध करा! हिरडीवरून करा, निकेलवरून करा, "तुझ्या कंपनीत क्लायंटसमोर चालेल का ते विचारलंस का" यावरून करा. अठराच्या आतल्या पोराला सरळ नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण मोठ्या माणसाला "नको" म्हणताना शेवटी एक वाक्य जोडा, "आणि केलंसच, तर मला सांग." दोन्ही वाक्यं एकाच श्वासात बोलता येतात. बोलून बघा.

राहिला पुतणीच्या कानांचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सोनार आले. म्हातारा माणूस, अंबडमधल्या निम्म्या कानांचे मालक. हात असा स्थिर की आमच्या हापिसातल्या कुणाचा नसेल. मी धीर करून विचारलं, "काका, तार कशाने साफ करता?" घरात एकदम शांतता. काकांनी डोळे वटारले. सोनार मात्र अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "पुसतो ना फडक्याने. आजवर कुणी विचारलंच नाही बाबा. विचारलं असतं तर केलं असतं काहीतरी."

माझा सगळा राग त्या एका वाक्याने विरघळला. खरंच आहे, पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही. मुहूर्त विचारला, तोळ्याचा भाव विचारला. वहिनीने त्याच क्षणी पोरीला उचललं आणि म्हणाली, "जालन्याला बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ, लसी पूर्ण झाल्यावर." सोनारांना चहा, नारळ आणि पूर्ण दक्षिणा दिली. जाताना त्यांनीच जागा शाईने खुणावून दाखवली, "डॉक्टरला म्हणावं, इथं." आणि पाळी खिडकीतल्या उजेडात धरून बघितली. सुश्रुत वाचलेला नाही त्यांनी, पण हातात उतरलाय.

छोटीच्या ओठाखाली आता एक बारीक पांढरा ठिपका राहिलाय. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, "दादा, नाक टोचायचं म्हणतेय. चमकी. टायटॅनियमची मिळते का?" काकूला हे कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली की विचारू नका. "बघ, आली की नाही पोरगी वळणावर!" तेच भोक, तोच चेहरा, दोन इंच वर. मी काही बोललो नाही. शनिवारी तिच्याबरोबर गेलो. सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं, धातूचं प्रमाणपत्र दाखवलं, मी ते दोनदा वाचलं, आणि पैसे यूपीआयने दिले. मेसेज बिनधास्त काकांच्या फोनवर गेला.

आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "दुखलं का गं?"

"थोडंसं," छोटी म्हणाली.

"माझं लई दुखलं होतं," आजी म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

पोहे झालेत. येतो.